पेशीचा उंबरठा, विंचवाचे विष आणि वैद्याचे कर्तव्य

महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात वैद्यकी करणाऱ्या कोणासही विंचूदंश हा विषय नवा नाही. नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेले उमरठ आणि त्याच्या आसपासच्या वाड्या घेतल्या, तरी दगडी जोत्याची कौलारू घरे, पडवीत रचलेला लाकूडफाटा, गोवऱ्यांची रास आणि भाताचा पेंढा हे चित्र घरोघर दिसते. विंचवाला याहून सोयीचे बिऱ्हाड ते कोणते? उन्हाळ्याची अखेर व पावसाचा आरंभ, तसेच भातकापणीचे दिवस, या दोन हंगामांत दंशाचे रुग्ण वाढतात. मे महिन्यात मुंबईहून गावी आलेली चाकरमान्यांची मुले अनवाणी हिंडतात, तेही या यादीत भर घालतात. अशा वाडीवरून तालुक्याचे रुग्णालय गाठण्यास वेळ लागतो. म्हणून रुग्ण प्रथम येतो तो जवळच्या वैद्याकडे, म्हणजे आपल्याकडे.

आपल्याकडे तो येतो, हा आपल्यावरील विश्वास होय. तथापि या विश्वासाचे आपण काय करतो, हा प्रश्न आम्हांस या लेखात उपस्थित करावयाचा आहे. आमचे मत थोडक्यात असे : विंचवाच्या विषाचा खेळ पेशीच्या आवरणावर चालतो. हा खेळ समजून घेतल्याखेरीज आयुर्वेदाच्या पदवीधराने विंचूदंशाच्या रुग्णास हात लावणे योग्य नाही, आणि विषहर लेपाच्या वेष्टनावर फार्मसीने काहीही छापणे तर त्याहून योग्य नाही. ही समज आपल्या शास्त्राशी विसंगत नाही. किंबहुना सुश्रुताचार्यांच्या शिकवणीचाच तो पुढचा धडा आहे.

पेशीचे आवरण म्हणजे काय?

बीएएमएसच्या पहिल्या वर्षी शरीरक्रिया विषयात आपण सर्वांनी हा भाग वाचलेला असतो व परीक्षेनंतर बहुधा विसरलेला असतो. म्हणून थोडी उजळणी करू. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे दुपदरी पटल असते. ते दुपदरी असावे, असे गोर्टर व ग्रेंडेल या डच शास्त्रज्ञांनी १९२५ मध्ये प्रथम मांडले. या स्निग्ध पदरांत प्रथिनांचे रेणू तरंगत असतात, हे चित्र सिंगर व निकोलसन यांनी १९७२ मध्ये दिले व ते आजही मुख्यत्वे मान्य आहे. पटलाचा स्निग्ध गाभा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, परंतु त्याचा पहारा कडक.

या पटलातून कोणी जावे, याचे नियम ठरलेले आहेत. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड यांसारखे लहान व भाररहित रेणू, तसेच स्नेहात विरघळणारी द्रव्ये थेट पलीकडे जातात. त्यांना परवानगी लागत नाही. पाणी थोडेफार तसेच झिरपते, पण पुष्कळ पाणी जाण्यासाठी पटलात खास प्रथिनांचे मार्ग असतात. ते पीटर ॲग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी उजेडात आणले. सोडिअम, पोटॅशिअम यांसारखे विद्युतभारित कण मात्र स्निग्ध पदर ओलांडू शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात दारे असतात, ज्यांना चॅनेल म्हणतात. ही दारे नेमक्या वेळी उघडतात व मिटतात. सोडिअमला बाहेर ढकलण्यासाठी व पोटॅशिअमला आत ओढण्यासाठी पंपही असतात. जेन्स स्कू यांनी १९५७ मध्ये शोधलेला हा पंप एका फेरीत तीन सोडिअम बाहेर टाकतो व दोन पोटॅशिअम आत घेतो. त्यामुळेच पेशीबाहेर सोडिअम पुष्कळ व आत थोडे, आणि पोटॅशिअम याच्या नेमके उलट, अशी स्थिती जन्मभर टिकते. हा तोल म्हणजेच पेशीचे जिवंतपण.

मज्जातंतूत संदेश जातो तो या दारांच्या उघडझापीने. सोडिअमचे दार उघडते, सोडिअम आत घुसतो, आणि सुमारे एक सहस्रांश सेकंदात ते दार आपोआप मिटते. दार वेळेवर मिटणे हे उघडण्याइतकेच महत्त्वाचे आहे. हॉजकिन व हक्सले यांनी १९५२ मध्ये या क्रियेचे गणित मांडले, त्यास १९६३ चा नोबेल पुरस्कार मिळाला.

विंचवाचे विष काय करते?

आपल्या भागातील तांबडा विंचू आकाराने लहान, परंतु घातक. त्याच्या विषात लहान-लहान प्रथिनांचे मिश्रण असते. त्यांतील काही प्रथिने मज्जातंतूच्या सोडिअम-दारावर बाहेरच्या बाजूने जाऊन बसतात आणि दार मिटू देत नाहीत. काही पोटॅशिअमच्या दारात बुचासारखी अडकतात. या दुसऱ्या गटातील आयबेरिओटॉक्सिन नावाचे ३७ अमिनो आम्लांचे प्रथिन भारतीय तांबड्या विंचवाच्या विषातूनच वेगळे करण्यात आले व जगभरच्या प्रयोगशाळांत पोटॅशिअमच्या एका विशिष्ट दाराची ओळख पटविण्यासाठी ते वापरले जाते. ज्या विंचवाला आपण चपलेने चिरडतो, त्याचे विष शास्त्रज्ञांच्या हातातील सूक्ष्म हत्यार झाले आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे विष पेशीच्या आत शिरतच नाही. ते उंबरठ्यावर बसते आणि दाराची कडी हाती घेते. दार उघडे राहिले की मज्जातंतू पुन्हा पुन्हा उत्तेजित होतात. त्यांच्या टोकांतून व अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिन यांचा लोंढा रक्तात येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हातपाय थंडगार पडतात, घामाच्या धारा लागतात, उलट्या होतात, तोंडाला लाळ सुटते, पुरुष रुग्णांत शिश्नाला ताठरता येते. हृदयावर असह्य ताण पडून काही तासांतच फुप्फुसांत पाणी भरते. लहान मूल असेल तर हा सारा प्रवास फार त्वरेने होतो.

महाडमध्ये झालेले काम

या विषयातील जागतिक कीर्तीचे काम परदेशात नव्हे, तर आपल्याच तालुक्यात झाले, याचा आपल्या वैद्यसमाजास अभिमान वाटावयास हवा. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाने दगावणारी माणसे पाहिली आणि प्रत्येक रुग्णाच्या लक्षणांची काटेकोर नोंद सुरू केली. उलटी, भरपूर घाम, शिश्नाची ताठरता ही हृदयावरील संकटाची पूर्वसूचना आहे, हे त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे १९८६ मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासमवेत त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्याच नियतकालिकातून मांडला.

प्राझोसिन हे रक्तदाबावरील जुने व स्वस्त औषध. रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींच्या पटलावर नॉरॲड्रिनलिनला ओळखणारी जी प्रथिने असतात, ती हे औषध अडवून धरते. लोंढा आला तरी पेशी त्याची हाक ऐकत नाही. आवळलेल्या वाहिन्या सैल होतात व हृदयावरचा भार उतरतो. म्हणजे विषाचा घाव पेशीपटलावर आणि औषधाची ढालही पेशीपटलावरच. प्राझोसिन, प्रतिविष व अतिदक्षता यांच्या उपयोगाने गंभीर दंशातील मृत्यूचे प्रमाण पूर्वीच्या २५ ते ३० टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली आले.

बावस्कर दांपत्याने यानंतरही काम थांबविले नाही. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांची ७० रुग्णांवरील तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ८ जण दहा तासांत पूर्णपणे लक्षणमुक्त झाले; प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण झाले. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषास धरते, प्राझोसिन त्याच्या परिणामास अडवते. दोन्ही मिळून काम लवकर होते. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री किताब मिळाला. खेड्यातील दवाखान्यात, डोळसपणे नोंदी ठेवून, जगाने मानावे असे काम होऊ शकते, हा या कथेचा अर्थ. दवाखाना खेड्यात आहे ही सबब आपणां कोणासही यापुढे सांगता येणार नाही.

आपला ग्रंथ काय सांगतो?

काही वैद्यबंधू म्हणतील, की हे सारे आधुनिकांचे. आमच्या अगदतंत्रात विंचवावर उपचार नाहीत काय? आहेत. परंतु ते नीट वाचावे, एवढीच आमची विनंती आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, कीटकल्पाच्या अध्यायात, विंचवांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे तीन वर्ग केलेले आहेत आणि सर्व मिळून तीस प्रकार सांगितले आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उग्र व मध्यम विषाच्या विंचवाने दंश केला असता सर्पदंशाप्रमाणे चिकित्सा करावी, अशी आज्ञा आहे. कोष्ण तैलाचे सेचन, स्वेद, लेप हे साधे उपाय प्राधान्याने मंदविषासाठी आहेत.

याचा व्यवहारातील अर्थ काय? प्रथम विष कोणत्या प्रतीचे ते ठरवा. महाविष असेल तर तो आत्ययिक रोगी समजा. आपण मात्र नेमके उलट करतो. लेप प्रथम, विचार नंतर.

लेप किंवा मंत्राने विंचू उतरल्याच्या कथा गावोगाव ऐकू येतात. त्यांचे रहस्यही सुश्रुताच्या वर्गीकरणातच आहे. आपल्या भागातील काळी मोठी इंगळी दिसावयास भयंकर. पण तिच्या दंशाने जिवास सहसा धोका नसतो. तांबड्या विंचवाच्या दंशातही पुष्कळदा थोडेच विष शरीरात जाते व केवळ स्थानिक वेदना होतात. असे रुग्ण कशानेही बरे होतात : चुन्याने, कांद्याने, मंत्राने, आणि काहीच न करण्यानेही. त्या यशाचे श्रेय लेपाकडे जाते. मग एके दिवशी खरोखर महाविषाचा रुग्ण येतो, तोच लेप लागतो, आणि मौल्यवान दोन तास निघून जातात. अशा रुग्णाची गणती लेपाच्या अपयशात कोणी करीत नाही. 'आयुष्यच सरले होते' असे म्हणून विषय मिटतो.

लेपाचा विचार पेशीपटलाच्या व त्वचेच्या अंगानेही करून पाहावा. धडधाकट त्वचेचा बाहेरचा थर ओलांडण्यासाठी रेणू लहान असावा लागतो. सुमारे पाचशे डाल्टनहून मोठे रेणू तो थर सहसा ओलांडत नाहीत, असा औषधशास्त्रातील ढोबळ नियम आहे. सोडिअमच्या दारावर बसणारी विंचवाची प्रथिने सुमारे सात हजार डाल्टनची असतात. विंचू आपल्या नांगीने ती त्वचेच्या खाली टोचतो, म्हणून ती शरीरात जातात. वरून लावलेला लेप ती परत खेचून काढू शकत नाही. लेपाने दाह कमी वाटेल, रुग्णास धीर येईल, यात वाद नाही. पण 'विष शोषून घेणारा लेप' हे शब्द वेष्टनावर छापणे म्हणजे अशक्य ते विकणे होय.

वत्सनाभाचा दाखला

पेशीपटलाचे ज्ञान केवळ विंचवापुरते आहे, असे कोणी समजू नये. आमच्या फार्मसीधारक मित्रांच्या रोजच्या व्यवहारातील वत्सनाभाचे उदाहरण घ्या. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव यांसारख्या कल्पांत ते असते. त्यातील ॲकोनिटिन हे द्रव्य त्याच सोडिअम-दारावर काम करते, ज्यावर विंचवाचे विष करते. फरक इतकाच, की विंचवाचे विष बाहेरच्या बाजूने बसते, तर ॲकोनिटिन स्नेहात विरघळणारे असल्याने पटलात शिरून दाराच्या आतल्या भागाशी जाऊन चिकटते. परिणाम मात्र सारखाच, दार मिटत नाही. जिभेला मुंग्या, बधिरता व पुढे हृदयाची अनियमित गती ही वत्सनाभविषाची लक्षणे याच कारणाने होतात.

आपल्या पूर्वाचार्यांनी गोमूत्रात भिजवून किंवा गोदुग्धात दोलायंत्राने स्वेदन करून वत्सनाभाचे शोधन सांगितले. आज रसायनशास्त्र सांगते, की दीर्घकाळ शिजविल्याने ॲकोनिटिनच्या रेणूचे काही अंश तुटून पडतात व उरलेला रेणू कित्येक पटींनी कमी विषारी होतो. पूर्वाचार्यांना चॅनेल ठाऊक नव्हते. पण रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी होती. आपल्याला चॅनेल ठाऊक आहेत. दृष्टी आहे काय? शोधन अपुरे झाले तर ते डोळ्यांना दिसत नाही, क्रोमॅटोग्राफीत दिसते. शोधनाची प्रत्येक खेप तपासून घेणे व तिची नोंद ठेवणे, हा फार्मसीच्या खर्चाचा नव्हे तर इभ्रतीचा भाग आहे. वत्सनाभ औषधनियमांच्या ई-१ परिशिष्टात समाविष्ट आहे आणि अशा कल्पांवर वैद्याच्या देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. त्या सूचनेमागे पेशीचे हे दार उभे आहे, हे विक्रेत्यास कळले तर ती बारीक अक्षरांत लपविण्याचा मोह त्यास होणार नाही.

याच दाराशी संबंधित तिसरे द्रव्य लिग्नोकेन. विंचूदंशाच्या जागी वेदनाशमनासाठी ते टोचतात. हा रेणू भाररहित रूपात पटल ओलांडून पेशीत जातो, तेथे भारित होतो आणि आतल्या बाजूने सोडिअमचे दार बंद करतो. म्हणून एक द्रव्य बाहेरून दार उघडे ठेवणारे, दुसरे आत शिरून उघडे ठेवणारे, आणि तिसरे आतून मिटणारे. रेणू पटलातून कसा जातो, यावर विष कोणते व औषध कोणते हे ठरते, याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

घाईचे समीकरण नको

येथे आपल्याच मंडळींच्या एका सवयीविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते. परिषदांतून व लेखांतून अलीकडे असे वाचावयास मिळते, की 'स्रोतस म्हणजेच चॅनेल', 'विषाचा सूक्ष्म गुण म्हणजेच पटलातून जाण्याची क्षमता', 'व्यवायी म्हणजेच विसरण'. चरकाचार्यांनी सांगितलेले विषाचे दहा गुण, म्हणजे लघु, रूक्ष, आशु, विशद, व्यवायी, तीक्ष्ण, विकासी, सूक्ष्म, उष्ण व अनिर्देश्यरस, हे निरीक्षणाचे अजोड फळ आहे. विद्यार्थ्यास शिकविताना उपमा म्हणून चॅनेलचा दाखला द्यावा. त्यास आमचा विरोध नाही. परंतु उपमा म्हणजे प्रमाण नव्हे.

विंचवाचेच पाहा. त्याचे विष सर्व शरीरात त्वरेने पसरते, म्हणून व्यवायी व आशु हे वर्णन त्यास चपखल लागू पडते. पण सूक्ष्म म्हणजे 'पेशीत शिरणारे' असा अर्थ लावला, तर तो येथेच फसतो; कारण हे विष पेशीत शिरतच नाही. समीकरण मांडणारा जिंकला असे वाटते आणि पहिल्याच उदाहरणात हरतो. आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा अशा समीकरणांनी वाढत नाही. आपल्या परिभाषेस तिचा स्वतःचा अर्थ व उपयोग आहे. तिला उसन्या वस्त्रांची गरज नाही.

उलटपक्षी, जेथे परंपरा व पेशीविज्ञान खरोखर एकमेकांस भेटतात, तेथे ते मोकळेपणाने मान्य करावे. अतिसाराच्या रुग्णास आपण मीठ घातलेली तांदळाची पेज देतो. आतड्याच्या पेशीपटलावर असे एक प्रथिन असते, की जे ग्लुकोज व सोडिअम यांना जोडीनेच आत घेते, एकट्याला नाही. मागोमाग पाणी जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही जोडी मांडली आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे असंख्य रुग्ण वाचविले. पेजेतील पिठूळ अंश आतड्यात ग्लुकोज होतो व मीठ त्यास जोडीदार देते. आजीच्या पेजेचे रहस्य पेशीच्या उंबरठ्यावर उलगडले. येथे आपण अभिमान बाळगावा. कारण येथे तो सिद्ध झाला आहे.

करावयाचे काय?

मत मांडणाऱ्याने उपाय सांगितले पाहिजेत. आमच्या मते प्रत्येक वैद्याने पुढील गोष्टी नित्य आचरणात आणाव्यात.

विंचूदंशाचा रुग्ण आला की दंशाची वेळ लिहावी. नाडी, रक्तदाब व श्वासाची गती पाहावी. हातापायांना हात लावून ते उबदार आहेत की थंड, हे तपासावे. उलटी, घाम, लाळ, ताठरता, धाप यांची विचारणा करावी. यांपैकी एकही लक्षण असेल तर रुग्णास लेपासाठी थांबवू नये. १०८ ला कळवावे, रुग्णास आडवे ठेवावे व जेथे प्राझोसिन आणि प्रतिविष आहे अशा रुग्णालयात तात्काळ धाडावे. सोबत दंशाची वेळ व आढळलेली लक्षणे लिहिलेली चिठ्ठी द्यावी. लहान मुलांच्या बाबतीत तर लक्षणे दिसेपर्यंतही थांबू नये. रुग्ण पोहोचण्यापूर्वी तेथील डॉक्टरांना दूरध्वनी करण्यात आपले काहीच कमी होत नाही.

वेदना तीव्र आहे म्हणून विष गंभीर, किंवा वेदना उतरली म्हणून विष उतरले, असे दोन्ही समजू नये. नुसती तीव्र वेदना असलेला, पण हातपाय उबदार असलेला रुग्ण बहुधा सुखरूप असतो, मात्र त्यासही काही तास नजरेखाली ठेवावे. ठणका कमी असून घामाने निथळणारा व हातपाय गार पडलेला रुग्ण मात्र संकटात असतो. घाम व लाळ थांबविण्याच्या हेतूने ॲट्रोपिन टोचण्याची जुनी पद्धत सोडावी. त्याने हृदयाची गती आणखी वाढते व अपाय होतो.

आधुनिक औषध लिहिण्याच्या आपल्या अधिकाराविषयी वर्षानुवर्षे वाद चालू आहे. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. कारण लक्षणे ओळखणे, वेळ न दवडणे व योग्य जागी पाठविणे यांसाठी कोणत्याही अधिसूचनेची आवश्यकता नाही. प्राझोसिनची मात्रा वजनावर, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम अशी ठरते. ती तोंडाने देतात आणि हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा देतात. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून रुग्ण निजलेला असावा लागतो. हे ज्याला ठाऊक नाही, त्याने ते देऊ नये. आणि ज्याला द्यावयाचे आहे, त्याने जवळच्या फिजिशियनकडून रीतसर शिकून घ्यावे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक विशेष सूचना. बाजारात प्राझोसिनच्या साध्या गोळ्याही मिळतात व दीर्घकाळ हळूहळू औषध सोडणाऱ्या 'एक्सएल' गोळ्याही मिळतात. यांतील काही गोळ्यांवर निवडक्षम पारपटल असते. परासरणाने पाणी आत शिरते व औषध थोडे थोडे बाहेर पडते. रक्तदाबाच्या नेहमीच्या रुग्णास ती सोयीची. विंचूदंशात मात्र औषध त्वरित हवे असते, म्हणून तेथे साधी गोळीच हवी. नाव तेच, औषध तेच. पटलाच्या फरकाने एक गोळी उपयोगाची व दुसरी निरुपयोगी ठरते. महाड-पोलादपूर भागातील प्रत्येक दुकानात साध्या गोळीची एक पट्टी उन्हाळ्यापूर्वी ठेवलेली असावी व ती अधिकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर क्षणाचाही विलंब न करता मिळावी.

फार्मसीच्या धनिकांना आमची शेवटची विनंती. 'पेशीपर्यंत पोहोचणारे', 'पेशी भेदून जाणारे' असे शब्द वेष्टनावर छापण्यापूर्वी आपल्या कारखान्यातील रसायनतज्ज्ञास चार प्रश्न विचारा : या औषधातील रेणू केवढा आहे? तो स्नेहात विरघळतो की पाण्यात? त्यावर विद्युतभार आहे काय? आणि पेशीच्या कोणत्या दाराने तो जातो? उत्तरे मिळाली तर खुशाल छापा, आम्ही प्रथम अभिनंदन करू. न मिळाली तर तो शब्द गाळा. औषधाचा गुण त्याने कमी होणार नाही. ग्राहकाचा विश्वास मात्र वाढेल.

उमरठसारख्या गावातील माणूस वैद्याकडे येतो तेव्हा तो कोणत्या पॅथीचा विचार करीत नाही; मूल वाचावे एवढाच त्याचा विचार असतो. त्या मुलाच्या शरीरात त्या वेळी कोट्यवधी दारे उघडी पडलेली असतात आणि मिटण्यास असमर्थ असतात. ती मिटावीत यासाठी आपल्या हाती थोडा वेळ असतो. तो वेळ लेप उगाळण्यात घालवावयाचा, की रुग्णास योग्य हाती सोपविण्यात, याचा निर्णय प्रत्येक वैद्याने रुग्ण दारात येण्यापूर्वीच करून ठेवावा. आपल्या संघटनेने येत्या उन्हाळ्यापूर्वी महाड येथे एक दिवसाचे विंचूदंश-प्रशिक्षण ठेवावे, त्यास महाडमधील अनुभवी चिकित्सकांना पाचारण करावे, आणि वाडीवाडीवरच्या वैद्यांनी, विक्रेत्यांनी व आशा कार्यकर्त्यांनी त्यास अगत्यपूर्वक उपस्थित राहावे, असा प्रस्ताव आम्ही या लेखाद्वारे मांडीत आहोत. वैद्यबंधू-भगिनींनी त्याचा गांभीर्याने विचार करावा, ही नम्र विनंती.